मोजणी

अशोक चौकात माझं लेथ मशीन.
मागाचे रोलर, झिजलेले शाफ्ट, दात गेलेली गिअरं,
असलं काही घेऊनच माणसं येतात.
इरण्णा कंदीकटला आला
तो खांद्यावर दोन लांब पट्ट्या घेऊन,
टोकं वर वळलेली.
"काय बे, कुणाची होडी फोडलीस?"
"स्की," म्हणाला. "चाकं बसव."

सतरा वर्षं फौजेत, त्यातली सहा बर्फात.
आता टॉवेलच्या कारखान्यावर रात्रीचा वॉचमन.
बाहेर त्रेचाळीस अंश.
फरशीवर पाणी मारलं की चर्र होत होतं,
आणि हा मला विचारतोय, बेअरिंगला ग्रीस कुठलं घालशील.

बेअरिंग भंगारातल्या मागाची,
चाकं सिव्हिलच्या मोडक्या स्ट्रेचरची.
मजुरी अर्धीच घेतली.

पहाटे साडेचारला तो बायपासवर निघायचा.
डांबर गार असतं ते तेवढा एक तास.
काठ्यांची टकटक, चाकांची खरखर,
मागे हिप्परग्यापर्यंत कुत्री.
उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं एकदा गाडी हळू केली,
"पाय अधू हाय काय हो?"
"नाही. सवय आहे."

डिसेंबरात परत आला. चाकं काढ म्हणाला.
मार्डीच्या माळावर कुसळी वाळलीय,
तिच्यावर घसरतं.
"घसरतं ते ठीक. चढणार कसा?"
तर म्हणे, तिकडे पट्टीच्या पोटाला
केसाळ कातडं चिकटवतात.
पुढे सरकू देतं, मागे येऊ देत नाही.

नागमणीनं, त्याच्या बायकोनं,
कारखान्यातल्या डागी टॉवेलच्या पट्ट्या कापून दिल्या.
पंक्चरवाल्याच्या सोल्युशननं डकवल्या.
दोन पावलं वर, तीन पावलं खाली.
नागमणी पोट धरून हसली :
"टॉवेलला कुठलं आलंय पुढचं मागचं!
त्याला पुसायचं तेवढं कळतं."

मग बँडवाल्याचा जुना कोट मिळाला, मखमली.
हात एकीकडे फिरवला, गेला.
उलटा फिरवला, अडला.
इरण्णानं तीनदा फिरवून पाहिला
आणि बराच वेळ तसाच धरून बसला.

माझ्यासाठी मी सागाच्या फळ्या तासल्या.
टोकं वाकवायला इडलीच्या भांड्याची वाफ,
घरात दोन दिवस अबोला.

रविवार. उजाडायच्या आत माळावर.
दवानं सगळं पांढुरकं.
कशासारखं दिसतंय ते म्हणणार होतो,
त्याच्याकडे पाहून गप्प बसलो.
गवत गवतासारखंच दिसत होतं.

मी अकरा वेळा पडलो.
काळविटं चरायची थांबली,
एकेक पडणं नीट बघून घेतलं त्यांनी.
तो पुढे. पाय उचलत नाही, नुसता सारतो,
जसा चांगला विणकर धोटा सारतो,
जोर कुठे लावला ते कळतच नाही.

पण दर वीस पावलांवर थांबायचा.
वळायचा. माझ्यावरून, माझ्याही मागे बघायचा.
ओठ हलायचे.

बाभळीखाली पाणी पिताना विचारलं.
"मोजतो."
"काय?"
"आठ निघालो होतो."
बाटलीचं झाकण त्यानं लावलं,
परत उघडलं, परत लावलं.
मी माझ्या मोज्यातली कुसळं काढत बसलो,
जरुरीपेक्षा जास्त वेळ.

मग उठला. पुढे झाला.
वीस पावलं.
थांबला, वळला.
मी तेव्हा बाराव्यांदा गवतात आडवा होतो,
एक फळी आभाळाकडे.
तिथूनच ओरडलो,
"एक! हजर!"

तो बघत राहिला.
काठी वर केली, इतकंच.

ओढ्याकडे उतार लागतो तिथे
पट्ट्यांची मखमल सोलून त्यानं शर्टाच्या आत ठेवली,
पोटाला लावून. गार राहू नये म्हणे.
सोलापुरात!
आणि सुटला.
त्याच्या मागे दोन रेघा,
गवत दबलेलं, हळूहळू उठणारं.
ते पुरतं उठायच्या आत
मी माझ्या फळ्या त्या रेघांत घातल्या.